खासदार लोकसभेत बोलले, म्हणजे नेमकं काय झालं?

संसदेचं अधिवेशन सुरू झालं की सांगली-साताऱ्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर व्हिडिओ फिरायला लागतात. दीड-दोन मिनिटांची चित्रफीत, खाली पक्षाचं चिन्ह आणि वर मथळा: आपल्या खासदारांनी अमुक प्रश्नावर सरकारला धारेवर धरलं. समर्थक खूश होतात, विरोधक म्हणतात, 'नुसतं बोलून काय होतंय?' दोघांपैकी कुणीच विचारत नाही की त्या बोलण्याला उत्तर देणं सरकारला बंधनकारक होतं का.

माझ्या मते खासदाराचं संसदेतलं काम तोलताना सगळ्यात आधी हेच पाहावं. संसदेत तोंड उघडण्याचे मार्ग बरेच आहेत आणि प्रत्येकाचं वजन वेगळं आहे. एकाच विषयावर, तेच शब्द वापरून बोललेले दोन खासदार दोन वेगवेगळ्या मार्गांनी गेले तर एकाच्या पदरात सरकारचं सहीशिक्क्याचं उत्तर पडतं आणि दुसऱ्याच्या पदरात फक्त व्हिडिओ.

बहुतेक व्हिडिओ शून्य प्रहरातले असतात. लोकसभेत सकाळी ११ ते १२ प्रश्नोत्तराचा तास असतो. तो संपून कागदपत्रं पटलावर ठेवून झाली की पुढे शून्य प्रहर. लोकसभेच्या नियमावलीत या नावाचा तास नाही. ती पडलेली प्रथा आहे. खासदार आगाऊ सूचना देतात, सोडतीत नाव निघालं आणि अध्यक्षांनी पुकारलं की दोन-तीन मिनिटांत विषय मांडतात. संबंधित मंत्री सभागृहात असतीलच असं नाही आणि असले तरी उत्तर द्यायचं बंधन त्यांच्यावर नाही. पूर, गारपीट, अपघात अशा तातडीच्या बाबींसाठी हा वेळ मोलाचा आहे, कारण बाकी बहुतेक मार्गांनी इतक्या लवकर बोलता येत नाही. पण वर्षानुवर्षं अडकलेलं काम शून्य प्रहरात मांडलं तर ते बहुतेक वेळा हवेतच राहतं.

त्यापेक्षा थोडा भक्कम मार्ग म्हणजे नियम ३७७. यात खासदार मजकूर आधी लिहून देतात, मंजूर झालेला तेवढाच मजकूर वाचतात किंवा पटलावर ठेवतात. याला खात्याकडून नंतर लेखी उत्तर येतं. मतदाराने ते उत्तर खासदारांच्या कार्यालयाकडे जरूर मागावं. मागणारे फार थोडे असतात.

खरी ताकद आहे ती प्रश्नात. लोकसभेत रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्री उभे राहून देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकितचं उत्तर लेखी मिळतं. तासाभरात पाच-सहा तारांकित प्रश्नांपर्यंतच मजल जाते, उरलेल्यांची उत्तरंही मग लेखीच. प्रश्नाची सूचना पूर्ण पंधरा दिवस आधी द्यावी लागते, कोणाचा प्रश्न लागणार हे सोडतीवर ठरतं आणि प्रत्येक मंत्रालयाचा उत्तराचा वार ठरलेला असतो. ही सगळी किचकट वाट पार केली की मिळतं ते सरकारचं अधिकृत उत्तर: आकडे, तारखा, खर्च. ते चुकीचं निघालं तर मंत्र्यांना सभागृहात दुरुस्ती करावी लागते. शून्य प्रहरातल्या भाषणाला ही धार नाही.

उसाचं उदाहरण घेऊ, कारण कृष्णाकाठाला ते समजावून सांगावं लागत नाही. 'उसाला दर द्या' हे भाषण संसदेत अनेकांनी केलं आहे आणि ते करायलाही हवं. पण एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा केंद्राने ठरवलेला किमान दर, कशी ठरते ते पाहा. २०१७-१८ च्या हंगामात एफआरपी होती क्विंटलला २५५ रुपये, साडेनऊ टक्के साखर उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला. त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला २ रुपये ६८ पैसे जादा. पुढच्या हंगामात जाहीर झाली २७५ रुपये. बातमी आली, वीस रुपयांची वाढ. मात्र त्याच वेळी पायाभूत उतारा साडेनऊवरून दहा टक्के केला गेला. जुन्या हिशेबाने दहा टक्के उताऱ्याच्या उसाला २६८ रुपये ४० पैसे मिळालेच असते. म्हणजे खरी वाढ झाली ६ रुपये ६० पैसे.

आपल्या भागात उतारा चांगला पडतो, म्हणून साडेबारा टक्क्यांचा हिशेब करू. २०१७-१८ च्या सूत्राने क्विंटलला ३३५ रुपये ४० पैसे. २०१८-१९ ला जादा उताऱ्याचा दर झाला २ रुपये ७५ पैसे, त्या सूत्राने ३४३ रुपये ७५ पैसे. फरक ८ रुपये ३५ पैसे, म्हणजे टनाला साडेत्र्याऐंशी रुपये. मथळ्यात मात्र टनाला दोनशे. २०२२-२३ ला पाया पुन्हा सरकला, १०.२५ टक्क्यांवर.

आता या विषयावर खासदाराने काय करावं? पाच मिनिटं शेतकऱ्याच्या कष्टांवर बोलता येईल, टाळ्या मिळतील. किंवा एवढंच विचारता येईल: पायाभूत उतारा साडेनऊच राहिला असता तर या हंगामाची एफआरपी किती आली असती, आणि तो बदलण्यामागचं कारण काय? या प्रश्नाला गोलमोल उत्तर देणं अवघड आहे, कारण तो आकडा मागतो. मंत्र्यांनी आकडा दिला की तो कायमचा नोंदीत गेला. मग शेतकरी संघटनेला, वकिलाला, पत्रकाराला, पुढच्या खासदाराला त्याच आकड्यावर उभं राहता येतं. मला तरी या एका ओळीच्या प्रश्नापुढे दहा भाषणं फिकी वाटतात.

यात आणखी एक मेख आहे. ऊस पिकतो शेतात, पण एफआरपीची शिफारस करणारा कृषी मूल्य आयोग कृषी मंत्रालयाखाली, साखरेचा कारभार ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्रालयाकडे आणि अंतिम निर्णय मंत्रिमंडळाच्या आर्थिक समितीचा. प्रश्न चुकीच्या मंत्रालयाला गेला तर तो दुसरीकडे वळवला जातो आणि तेवढ्यात अधिवेशन संपू शकतं. खासदाराची तयारी किती आहे हे अशा ठिकाणी दिसतं. व्हिडिओत ती दिसत नाही.

प्रश्न फेटाळला जाण्याची कारणंही माहीत असावीत, नाहीतर आपण खासदारांना उगाच दोष देतो. मुख्यतः राज्य सरकारच्या अखत्यारीतला विषय असेल तर तो संसदेत विचारता येत नाही. गावचा अंतर्गत रस्ता, जिल्हा रुग्णालयातली रिकामी पदं, तलाठ्याची बदली यांची जागा मुंबई-नागपूरचं विधिमंडळ. न्यायप्रविष्ट बाबीवरही प्रश्न घेत नाहीत.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विषय इथेच अडकतो. धरणाची उंची ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याला दुसऱ्या कृष्णा पाणीवाटप लवादाने २०१० च्या निवाड्यात मान्यता दिली, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि दुसरीकडे सांगलीकर दर पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीकडे डोळे लावून बसतो. 'उंची वाढवू देऊ नका' असं थेट विचारलं तर न्यायप्रविष्ट म्हणून उत्तर टळू शकतं. पण आंतरराज्य नद्यांचं नियमन हा केंद्राच्या यादीतला विषय आहे. पूर पूर्वानुमानाची केंद्रं कृष्णा खोऱ्यात कुठे आहेत, त्यांची माहिती किती तासांनी मिळते, दोन राज्यांच्या विसर्गाच्या समन्वयासाठी केंद्रीय जल आयोगाने कोणती कार्यपद्धती घालून दिली आहे, हे विचारायला न्यायालयाची आडकाठी येत नाही. दार बंद असलं तरी खिडक्या असतात. त्या कोणाला सापडतात हे पाहावं.

मंत्री उत्तरात कधी म्हणतात, 'माहिती गोळा केली जात आहे' किंवा 'या बाबीचा विचार करू'. ऐकणाऱ्याला वाटतं, टाळलं. पण अशी ठरावीक वाक्यं संसदेत आश्वासन म्हणून नोंदवली जातात. लोकसभेची शासकीय आश्वासनविषयक समिती त्यांचा पाठपुरावा करते आणि सरकारने तीन महिन्यांत पूर्तता करावी अशी अपेक्षा असते. मुदतवाढी मागितल्या जातात, काही आश्वासनं वर्षानुवर्षं प्रलंबित राहतात, काही वगळलीही जातात. तरीही 'विचार करू' हे शब्द नोंदीत अडकवणं ही कमाई आहे. जो खासदार पुढच्या अधिवेशनात त्याच आश्वासनाचा संदर्भ देऊन पुढचा प्रश्न विचारतो, तो काम करतो आहे असं मी खुशाल समजतो.

आता विधेयकांवरच्या चर्चा. इथे आपली अपेक्षा आणि वस्तुस्थिती यांत सगळ्यात मोठं अंतर आहे. एखाद्या विधेयकाला किती तास द्यायचे ते कामकाज सल्लागार समिती ठरवते आणि ते तास पक्षांना सदस्यसंख्येच्या प्रमाणात वाटले जातात. चार तासांची चर्चा ठरली आणि ५४३ सदस्यांत समान वाटली तर माणशी साडेसव्वीस सेकंद येतात. म्हणून पक्ष आपले दोन-चार वक्ते निवडतात आणि बाकीचे ऐकतात. अपक्षाची स्थिती आणखी अवघड. २०२४ मध्ये सांगलीने अपक्ष खासदार निवडून दिला. पक्षाच्या वाट्याचा वेळ ज्याच्या पाठीशी नाही अशा सदस्याला चर्चेच्या शेवटी, इतरांच्या यादीत, मोजकी मिनिटं मिळतात. त्यामुळे 'अमुक विधेयकावर आमचे खासदार बोललेच नाहीत' या तक्रारीत प्रत्येक वेळी तथ्य असतंच असं नाही. नाव पक्षाने दिलं होतं का, हे आधी विचारावं.

मतदानाचं तर विचारूच नका. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, आली आणि पक्षादेश मोडून मत देणाऱ्याची खासदारकी धोक्यात आली. बोलताना मतभेद दाखवता येतात, मत देताना फार अवघड. मला व्यक्तिशः हा कायदा विधेयकांच्या बाबतीत सैल करावा असं वाटतं. सरकार टिकवण्या-पाडण्याच्या मतदानाला तो ठीक आहे. प्रत्येक कलमाला कशाला?

मग विधेयक बदलतं कुठे? बऱ्याचदा स्थायी समितीत. १९९३ पासून मंत्रालयनिहाय समित्या आहेत. आज त्या २४ आहेत आणि प्रत्येकीत दोन्ही सभागृहांचे मिळून ३१ सदस्य. तिथे कॅमेरे नसतात. अधिकारी आणि तज्ज्ञ येऊन साक्ष देतात आणि पक्षापक्षांतले खासदार एका टेबलाभोवती कलमं वाचतात.

कराडशी जोडलेलं एक उदाहरण सांगतो. अणुअपघातातल्या नुकसानभरपाईचं विधेयक मे २०१० मध्ये लोकसभेत आलं. विज्ञान-तंत्रज्ञान खात्याचे राज्यमंत्री म्हणून ते मांडत होते कराडचे पृथ्वीराज चव्हाण. मूळ मसुद्यात अणुभट्टी चालवणाऱ्याची भरपाईची मर्यादा होती ५०० कोटी रुपये. विधेयक स्थायी समितीकडे गेलं, तिथून १,५०० कोटींची शिफारस आली आणि तीच कायद्यात उतरली. यंत्रसामग्रीच्या पुरवठादाराने मुद्दाम नुकसान केलं असेल तरच त्याच्याकडून भरपाई मागता येईल, अशा अर्थाची अट सरकारच्या दुरुस्तीत आली होती. विरोधकांनी तिला कडाडून विरोध केला आणि सरकारला ती मागे घ्यावी लागली. २५ ऑगस्ट २०१० ला लोकसभेने, नंतर ३० ऑगस्टला राज्यसभेने ते मंजूर केलं. मर्यादा तिप्पट झाली ती कुणाच्या गाजलेल्या भाषणाने नाही, समितीतल्या बैठकांनी. म्हणून आपले खासदार कोणत्या समितीवर आहेत आणि तिच्या बैठकांना जातात का, हे विचारण्यासारखं आहे.

खासगी विधेयकांबद्दल थोडक्यात. मंत्री नसलेला कोणताही खासदार विधेयक मांडू शकतो, त्यासाठी शुक्रवारी दुपारचा वेळ राखीव असतो. स्वातंत्र्यापासून अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली आणि शेवटचं १९७० मध्ये. तेव्हा 'आमच्या खासदारांनी विधेयक मांडलं' म्हणजे कायदा होणार असं समजू नये. विषय अजेंड्यावर आला, सरकारला भूमिका मांडावी लागली, तरी पुष्कळ.

आपल्या जिल्ह्यांना संसदेतल्या कामाचा वारसा मोठा आहे आणि तो केवळ अभिमानापुरता नाही. त्यातून शब्दाचं वजन कळतं. देवराष्ट्र्यात जन्मलेले यशवंतराव चव्हाण चीन युद्धाच्या धक्क्यानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री झाले. पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडिअर भगत यांनी केली. २ सप्टेंबर १९६३ ला यशवंतरावांनी त्यावर संसदेत निवेदन केलं. अहवाल प्रसिद्ध करणं देशहिताचं नाही असं सांगून त्यांनी चौकशीचे पाच मुद्दे सभागृहापुढे ठेवले: प्रशिक्षण, साधनसामग्री, कमांडची रचना, जवानांची शारीरिक क्षमता आणि अधिकाऱ्यांची आपल्या माणसांवर प्रभाव पाडण्याची ताकद. डोंगरी युद्धाचं प्रशिक्षण अपुरं पडलं हे त्यांनी मान्य केलं. सरकारने तो अहवाल आजतागायत अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. त्यामुळे अभ्यासकांना सरकारच्या तोंडून जे काही ऐकायचं ते त्या निवेदनातच शोधावं लागतं. सभागृहात बोललेलं असं टिकतं.

दुसरा प्रसंग जुलै १९७९ चा. यशवंतराव तेव्हा साताऱ्याचे खासदार आणि लोकसभेत विरोधी पक्षनेते. मोरारजी देसाई सरकारवर अविश्वासाचा ठराव त्यांनी मांडला. जनता पक्ष आतून फुटत होताच. ठरावावर मतदान व्हायच्या आधीच १५ जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. त्या ठरावावर एकही मत पडलं नाही, तरी सरकार गेलं. योग्य वेळी योग्य साधन उचलणं म्हणजे काय, याचा हा धडा आहे.

आणि क्रांतिसिंह नाना पाटील. येडेमच्छिंद्रचे नाना १९५७ ला साताऱ्यातून लोकसभेत गेले आणि तिथे मराठीत बोलले. राज्यघटनेच्या १२० व्या अनुच्छेदानुसार कामकाज हिंदी किंवा इंग्रजीत चालतं, पण ज्याला त्या भाषांत नीट मांडता येत नाही त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकतात. आज आपल्या सभागृहात दुभाषांची सोय कितीतरी वाढली आहे, आधी कळवलं की मराठीत बोलता येतं. तेव्हा 'खासदारांना हिंदी-इंग्रजी येत नाही' ही सबब चालत नाही आणि हिणवण्याचं कारणही उरत नाही. विषय मराठीत नीट मांडला तर तो तितक्याच अधिकृतपणे नोंदवला जातो.

आता ही नोंद पाहायची कशी? संसदेच्या संकेतस्थळावर प्रत्येक सदस्याचं पान असतं. त्यात विचारलेले प्रश्न, मिळालेली उत्तरं आणि चर्चेतला सहभाग दिसतो. आधी एक खात्री करा: आपले खासदार नक्की कोण? २००८ च्या पुनर्रचनेत कराड लोकसभा मतदारसंघ गेला. सातारा जिल्ह्यातले फलटण आणि माण विधानसभा मतदारसंघ माढ्यात आहेत, सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर आणि शिराळा हातकणंगल्यात. शिराळ्याच्या माणसाने सांगलीच्या खासदारांचं पान उघडून उपयोग नाही.

तिथल्या आकड्यांवर लगेच निकाल देऊ नका. वर्तमानपत्रांत 'सर्वाधिक प्रश्न विचारणारे खासदार' अशा याद्या येतात. मंत्र्यांची नावं त्यात नसतात, कारण मंत्री प्रश्न विचारत नाहीत. ते उत्तर देतात आणि हजेरीपटावर सहीही करत नाहीत. एकाच धर्तीचे प्रश्न एकत्र केले जातात आणि एका उत्तराखाली बऱ्याच खासदारांची नावं लागतात. मोजणीत तो प्रत्येकाचा एकेक प्रश्न होतो. म्हणून आकडा सोडा आणि पाच-सात प्रश्न उघडून वाचा. त्यात आपल्या भागाचं नाव आहे का? आकडा किंवा तारीख मागितली आहे का, की 'सरकार विचार करत आहे काय' एवढ्यावरच सोडलं आहे? आधीच्या उत्तराचा धागा धरून पुढचा प्रश्न आला आहे का? एखाद्या रेल्वेमार्गाच्या दुहेरीकरणावर 'काम कधी पूर्ण होणार' असं विचारलं की 'प्रगतिपथावर आहे' असं उत्तर येतं. टप्पानिहाय किती किलोमीटर झालं, कोणत्या गावांतलं भूसंपादन बाकी आहे आणि मंजूर निधीपैकी किती खर्च झाला असं विचारलं की खात्याला आकडे काढावे लागतात.

हे प्रश्न खासदारांच्या डोक्यातूनच यावेत असं कुठे आहे? पुष्कळ चांगले प्रश्न मतदारसंघातून जातात. सूचना पंधरा दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच मजकूर खासदारांच्या कार्यालयात पोचायला हवा. एक प्रश्न, एक मंत्रालय, दीडशे शब्दांच्या आत, आरोप आणि विशेषणं वगळून. समजा तासगावच्या बेदाणा उत्पादकांना आयातीबद्दल विचारायचं आहे. आयातीचे आकडे वाणिज्य मंत्रालयाकडे, सीमाशुल्काचे प्रश्न अर्थ मंत्रालयाकडे. दोन्ही एकत्र लिहिले तर गुंता होईल, म्हणून पहिला प्रश्न वाणिज्यमंत्र्यांना असा द्यावा:

(क) गेल्या तीन वर्षांत देशात आयात झालेल्या बेदाण्याचा वर्षनिहाय आणि देशनिहाय तपशील, वजन व मूल्यासह काय आहे;

(ख) त्याच काळात देशातून निर्यात झालेल्या बेदाण्याचा असाच तपशील काय आहे;

(ग) आयातीमुळे देशातल्या भावावर झालेल्या परिणामाचा अभ्यास सरकारने केला आहे काय, केला असल्यास त्याचे निष्कर्ष काय आणि नसल्यास त्याची कारणे काय?

दुसरा, सीमाशुल्काचा, अर्थमंत्र्यांना. त्यात माल कोणत्या बंदरातून उतरला, कागदावर किंमत कमी दाखवल्याची किती प्रकरणं उघडकीस आली आणि त्यांतून किती शुल्क वसूल झालं, एवढंच.